फुटबॉल रेफ्रीच्या सरावाची वही: आठवडा सहावा, फक्त हँडबॉल (बॉल हाताला लागण्याचा गुन्हा)

पद्धत जुनीच. क्लिप एकदा खऱ्या वेगात बघायची, वहीत निर्णय आणि कारण लिहायचं, मगच स्लो मोशन लावायचं. या आठवड्यात वीस क्लिप झाल्या. खऱ्या वेगात मी सात पेनल्टी दिल्या, स्लो मोशनमध्ये त्याच वीसमध्ये बारा! वेग कमी केला की प्रत्येक हात मुद्दाम बॉलकडे गेल्यासारखा दिसतो आणि डिफेंडरला हात मागे घ्यायला भरपूर वेळ होता असं वाटायला लागतं. व्हीएआरच्या (व्हिडिओ बघून रेफ्रीला मदत करणाऱ्या पंचाच्या) नियमांत हे सांगितलेलंच आहे: बॉल नेमका कुठे लागला ते बघायला स्लो मोशन, पण हँडबॉलचा गुन्हा झाला का हे ठरवायला नेहमीचा वेग. वाचलं होतं, पटलं मात्र आत्ता.

सगळ्यात जास्त वेळ युरो २०२४ या युरोपियन फुटबॉल स्पर्धेतल्या दोन प्रसंगांवर गेला. २९ जून, डॉर्टमुंड, जर्मनी-डेन्मार्क. जर्मनीच्या राऊमचा क्रॉस (कडेने गोलसमोर मारलेला बॉल) डेन्मार्कचा डिफेंडर अँडरसनच्या हाताला निसटता लागला. बॉलमधल्या सेन्सरचा आलेख टीव्हीवर दिसला, रेफ्री मायकल ऑलिव्हरने मॉनिटर बघून पेनल्टी दिली, जर्मनीच्या हावेर्ट्झने गोल केला. पुढच्या शुक्रवारी, ५ जुलैला, श्टुटगार्टमध्ये स्पेनविरुद्ध जादा वेळेत जर्मनीच्या मुसियालाचा गोलकडे निघालेला शॉट स्पेनच्या कुकुरेयाच्या हातावर आदळला. रेफ्री अँथनी टेलरने खेळ चालू ठेवला. स्पेन २-१ने जिंकलं.

माझ्या वहीत दोन्ही उलटे आहेत. सेन्सरने स्पर्श सिद्ध होतो, गुन्हा नाही. अँडरसन धावत होता, क्रॉस अगदी जवळून आला, हात धावण्याच्या ओघात होता. मी देणार नाही. कुकुरेयाचा हात खाली होता, मागे जात होता, म्हणून आधी 'नाही' लिहिलं. तरी तो शरीराच्या रेषेबाहेर होता आणि शॉट त्यानेच अडला. खोडून 'हो' केलं. तो हँडबॉल द्यायला हवा होता, असं युएफाचं (युरोपच्या फुटबॉल संघटनेचं) मत असल्याच्या बातम्या नंतर आल्या.

आता मैदानावरचं. रविवारी चौदा वर्षांखालच्या पोरांच्या सराव सामन्यात पेनल्टी एरियात बॉल एका डिफेंडरला लागला, बाजूने "हँड! हँड!" असा ओरडा झाला आणि मी शिट्टी मारली. पेनल्टी मारून झाली, गोलही झाला. मग ते पोरगं जवळ आलं, "सर, हितं लागलाय ओ," म्हणालं. जर्सीवर ओल्या चिखलाचा गोल ठसा होता, खांद्यावर, काखेच्या रेषेच्या वर. नियमाने तो हातच नाही. खेळ पुन्हा सुरू झालेला, त्यामुळे निर्णय बदलता येत नव्हता. सामना संपल्यावर त्याला आणि त्याच्या कोचना भेटून चूक कबूल केली. पोरगं मान हलवून गेलं, पण तो ठसा अजून डोळ्यासमोर आहे.

चूक कुठे झाली ते लगेच लिहून ठेवलं. मी सरळ मागे होतो, मध्ये दोन पाठी, आणि नजर बॉलबरोबर पळत होती. बॉल दिशा बदलताना दिसला, बाकीचं मी ओरड्यावरून जुळवलं.

पुढच्या आठवड्यात क्लिप कमी, मैदान जास्त. विंगरने (कडेने खेळणाऱ्याने) क्रॉससाठी पाय रोवला की बॉलवरची नजर सोडायची आणि डिफेंडरचे हात बघायचे. उभं राहायचं तिरकं, दोघांच्या मधली फट दिसेल असं. क्रॉस मारून द्यायला आमचा गोलकीपर तयार झालाय, बुधवारी सकाळी साडेसहाला.