हाग्गयाचा दुसरा अध्याय

रविवार, रात्र

आज पुन्हा हाग्गय. ख्रिस्ती मंडळीच्या इमारतीचं, चर्चचं, काम निघालं की हा संदेष्टा हमखास व्यासपीठावर येतो आणि स्लॅब पडला की गडप होतो. बायबलच्या जुन्या करारातलं त्याचं पुस्तक जेमतेम दोन अध्यायांचं, ३८ ओव्यांचं, म्हणजे वचनांचं. तरी उपासनेतला संदेश नेहमी पहिल्याच अध्यायावर: तुम्ही तक्तपोशीच्या, लाकडी फळ्यांनी मढवलेल्या घरांत राहता आणि देवाचं घर ओसाड पडलंय. त्यानंतर दानार्पणाची पाकिटं वाटायची.

काळ इ.स.पू. ५२०, पारसाच्या दारयावेश राजाचं दुसरं वर्ष. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या यहुद्यांनी यरुशलेमात मंदिराचा पाया घातला होता, शेजाऱ्यांनी विरोध केला, काम थांबलं ते पंधराएक वर्षं थांबलंच. त्या लोकांना मंदिर नको होतं असं नाही. ते एवढंच म्हणत होते की अजून वेळ आलेली नाही. आपल्याकडेही हेच चालतं. मुलाची दहावी होऊ दे, फ्लॅटचे हप्ते फिटू देत, मग प्रभूच्या कामाला लागू. हप्ते वीस वर्षांचे असतात!

पण नव्या करारात प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला स्पष्ट लिहिलंय की देवाचं मंदिर तुम्हीच आहात. मग आज ओसाड काय पडलंय हे शोधायला छताकडे बघून भागणार नाही. आमच्या मंडळीतल्या ज्या म्हाताऱ्या विधवा जिना उतरू शकत नाहीत म्हणून उपासनेला येत नाहीत, त्यांच्या घरी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, घेऊन कोण जातं? छताच्या वर्गणीची यादी फलकावर लागली आहे. या घरांची यादी कुठेच नाही.

मंगळवार

पहिल्या अध्यायातला दुष्काळ मनातून जात नाही. मंदिर पडून आहे म्हणून आकाशाने दहिवर रोखलं, असं हाग्गय म्हणतो. हे वचन उचलून ‘दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्या, पाऊस पडेल’ असं सांगणारे वक्ते मी ऐकलेत. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं. त्या दिवसांत तिथल्या शेतकऱ्यांसमोर उभं राहून हे बोलायची कुणाची छाती होईल? हाग्गय बोलत होता ते देवाशी मोशेच्या नियमशास्त्राचा करार असलेल्या एका विशिष्ट प्रजेशी, इस्राएलाशी, आणि तेही देवाने पाठवलं म्हणून. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते इतर यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होते का, असं येशूनेच विचारलं आणि स्वतःच ‘नाही’ म्हणाला. माझ्यापुरता प्रश्न तिथे मिटला.

शुक्रवार

दुसऱ्या अध्यायाला कुणी हात का लावत नाही, ते आता कळतंय. त्यातून वर्गणी निघत नाही.

काम सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. यहुद्यांच्या मांडवांच्या सणाचा शेवटचा दिवस. बाबेलकरांनी पाडलेलं आधीचं, शलमोन राजाचं मंदिर लहानपणी पाहिलेले काही म्हातारे अजून हयात होते. हाग्गय त्यांना थेट विचारतो, आधीच्या वैभवापुढे हे काहीच नाही असं वाटतंय ना? तो त्यांची समजूत काढत नाही, हेही सुंदरच आहे वगैरे म्हणत नाही. हिंमत धरा, काम करा, मी तुमच्याबरोबर आहे, असा प्रभूचा निरोप देतो. नगरकडच्या आमच्या जुन्या माणसांसमोर हे वाचायला हवं. मिशनच्या काळातली शाळा, बोर्डिंग, दवाखाना, भरलेलं देऊळ यांच्या आठवणी निघाल्या की चहा दुसऱ्यांदा करावा लागतो. त्यांचं खोटं नाही. पण जे उरलंय ते आमच्याच हातात आहे.

आणि नवव्या महिन्यातला तो याजकांना विचारलेला प्रश्न. पवित्र मांस पदरात बांधून नेलं आणि तो पदर भाकरीला लागला, तर भाकरी पवित्र होईल का? नाही. प्रेताला शिवलेला माणूस तिला शिवला तर ती विटाळेल का? हो. म्हणजे विटाळ लागतो, पावित्र्य मात्र नुसतं शिवून लागत नाही. मंदिराच्या कामावर रोज घाम गाळणाऱ्यांना हे सांगायचं म्हणजे धाडस आहे. क्वायरमध्ये तीस वर्षं गाणाऱ्यांना, पंचकमिटीवर पिढीजात बसणाऱ्यांना आणि दर बुधवारी बायबल अभ्यास घेणाऱ्या मलाही ते लागू आहे. पुढच्या बुधवारी इथूनच सुरुवात करणार. पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

शेवटचा निरोप एकट्या जरुब्बाबेलाला, यहूदाच्या सुभेदाराला आहे: मी तुला मुद्रेच्या, म्हणजे राजाच्या शिक्क्याच्या अंगठीसारखा करीन. त्याच्या आजोबांबद्दल, यहूदाचा राजा यकन्याबद्दल, संदेष्टा यिर्मया नेमकं उलट बोलला होता. उजव्या हातातली मुद्रा असलास तरी तुला उपटून काढीन, असं. नातवाला ती परत मिळाली, पण सिंहासन काही मिळालं नाही. मंदिर इ.स.पू. ५१५ च्या सुमारास पुरं झालं, तेव्हाच्या हकिकतीत त्याचं नावही येत नाही. ते नंतर सापडतं मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात, बाराव्या ओवीत, येशूच्या त्या वंशावळीत जी आम्ही नाताळच्या वाचनात दरवर्षी गाळतो.