सहाव्या दिवसाची सतरंजी

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातील सहावी संध्याकाळ व्यसनमुक्तीच्या मेळाव्यासाठी राखून ठेवलेली असे. इंदूरच्या परदेशीपुऱ्यालगतच्या आमच्या गल्लीत त्या दिवशी एकांकिका नसे, गाण्यांचा कार्यक्रम नसे. आरती झाली की मखरासमोर निळ्या पट्ट्यांची सतरंजी अंथरली जाई आणि तिच्यावर मंडळाचे अध्यक्ष, शाळेच्या मुख्याध्यापिका बाई, डॉक्टरकाका, व्यायामशाळेचे वस्ताद आणि कीर्तनकार बुवा मांडीला मांडी लावून बसत. व्यासपीठ मुद्दामच बांधले जात नसे.

१९९१ च्या डिसेंबरात शहरातील एक मोठी गिरणी बंद पडली आणि तिच्या कामगारांची थकलेली देणी थेट २०२३ च्या डिसेंबरात हाती पडू लागली. मधल्या बत्तीस वर्षांत काय सोसले गेले, ते आमच्या गल्लीतील बायकांना विचारावे. भोंगा थांबला आणि अनेकांची पावले गुत्त्याकडे वळली. शेजारचे काका त्यांपैकीच होते. काकू रात्री ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसत. निवडून झालेले तांदूळ त्या पुन्हा पुन्हा निवडत, कारण आत जाऊन निजणे त्यांना शक्य नसे.

पहिल्या वर्षी मेळाव्यात शपथ झाली. गणपतीच्या पायांवर हात ठेवून काही जणांनी त्याच क्षणापासून दारू सोडली, टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले. काकाही त्यांत होते. तिसऱ्या रात्री त्यांचे हात थरथरू लागले, भिंतीवर मुंग्या चालताना दिसू लागल्या आणि पहाटे त्यांना आकडी आली. वस्तादांनी त्यांना पाठीवर घेऊन रिक्षापर्यंत नेले, म्हणून ते वाचले. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने औषधोपचारावाचून एकाएकी थांबणे जिवावर बेतू शकते, पहिले दोन-तीन दिवस फार जोखमीचे असतात, हे डॉक्टरकाकांनी त्यानंतरच्या बैठकीत समजावून सांगितले. त्यावर अध्यक्ष उठले आणि ही चूक माझी आहे, असे त्यांनी सर्वांदेखत कबूल केले. माझ्या मते मेळाव्याला खरा अर्थ त्या कबुलीने आला.

पुढल्या वर्षापासून शपथ बंद झाली. मंडपात कोणी कोणाला दारुडा म्हणायचे नाही आणि कोणाचे नाव ध्वनिक्षेपकावरून घ्यायचे नाही, असे ठरले. ज्याला उपचार हवे असतील त्याने प्रसाद घेताना डॉक्टरकाकांशी हळूच बोलावे. मग ते तपासून गोळ्या देत किंवा दवाखान्यात भरती व्हायला सांगत, आणि तिथे सोबत कोण बसणार ते वस्ताद ठरवत. बुवांनी कीर्तनातून पिणाऱ्याची टवाळी करणे सोडले. हे सोपे नव्हते, कारण त्या टवाळीवर मंडप हमखास हसत असे. लाजेने माणूस दारू सोडत नाही, लपून पिऊ लागतो, हे त्यांना काकूंनीच सांगितले होते.

बाईंनी एका वर्षी वेगळाच विषय काढला. वर्गातील दोन मुलांच्या रुमालांना पंक्चरच्या सोल्यूशनचा वास येत होता; ती ते नशेसाठी हुंगत होती. त्यांनी मुलांना शाळेतून काढले नाही; अध्यक्षांना घेऊन त्या पंक्चरवाल्याकडे गेल्या, त्याने मुलांना सोल्यूशनच्या ट्यूब विकणे थांबवले, आणि ती दोन्ही मुले संध्याकाळी वस्तादांच्या मल्लखांबावर दिसू लागली. एकट्या शाळेला किंवा एकट्या व्यायामशाळेला हे साधले नसते. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळाल्याचे आढळले होते. तो आकडा बाईंनी मेळाव्यात वाचून दाखवला, तेव्हा पुष्कळांनी माना खाली घातल्या. आता मखराशेजारच्या फलकावर १४४४६ हा शासनाच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक लिहिलेला असतो.

सर्वांत मोठी परीक्षा अनंत चतुर्दशीची. झाँक्यांची, म्हणजे सजवलेल्या चित्ररथांची, मिरवणूक रात्रभर चालते, ढोल वाजतात, आणि नेमके त्याच रात्री जुने सोबती खांद्यावर हात टाकून बाजूला बोलावतात. काका दोनदा घसरले, दोन्ही वेळा वस्ताद त्यांना पुन्हा डॉक्टरकाकांकडे घेऊन गेले, आणि कोणीही त्यांना मागील वर्षाची आठवण करून दिली नाही. तिसऱ्या वर्षी अध्यक्षांनी मिरवणुकीतील चहाचे काम त्यांच्याकडे सोपवले. जेल रोडच्या कडेला स्टोव्ह पेटवून ते पहाटेपर्यंत ढोलवाल्यांना आले घातलेला चहा देत राहिले. उजाडता उजाडता मी त्यांच्यासोबत रिकामे पातेले घेऊन गल्लीत शिरलो, तेव्हा ओटा रिकामा होता, दार नुसते लोटलेले होते आणि काकू आत गाढ झोपल्या होत्या. काकांनी पातेले आवाज न करता उंबऱ्याशी ठेवले.