शेम्सी पाशा मशिदीची प्रतिकृती : जोते पुन्हा आखले, घुमट जुळला

इस्तंबूलच्या आशियाई बाजूला, उस्कुदार येथे बॉस्फरसच्या अगदी काठावर असलेल्या शेम्सी पाशा मशिदीची १:१०० प्रमाणातील प्रतिकृती मी माउंटबोर्डात (जाड पुठ्ठ्यात) करीत आहे. या महिन्यात पहिले जोते मोडून नवे करावे लागले. मशिदीची भिंत मी किनाऱ्याला समांतर धरली होती. पण मदरशाचे काटकोनात वळणारे दोन सोपे शेजारी ठेवताच अंगण सरळ चौकोनी दिसू लागले आणि चूक उमगली. मिहराबाची, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याची, भिंत मक्केच्या दिशेला, म्हणजे इस्तंबूलहून आग्नेयेला, असावी लागते. किनारा मात्र आपल्या वळणाने जातो. त्यामुळे मशीद अंगणात तिरकी बसते, आणि या वास्तूची सारी गंमत त्या तिरकेपणातच आहे.

ऑटोमन स्थपती मिमार सिनानने हे काम १५८०-८१ मध्ये केले. त्या वेळी त्याचे वय नव्वदीच्या आसपास होते. एदिर्ने शहरातील सेलिमिये मशिदीत ३१ मीटरहून अधिक व्यासाचा घुमट पेलणाऱ्या या स्थपतीने येथे सुमारे ८ मीटरचाच घुमट घेतला आणि आपले कसब जागेच्या मांडणीत ओतले. वाऱ्यामुळे या मशिदीवर पक्षी बसत नाहीत, असे तेथील लोक सांगतात व तिला ‘कुशकोनमाझ’ (पक्षी न बसणारी) म्हणतात. मला त्या कथेपेक्षा दोन बाजूंनी वळणारी ओसरी अधिक मोलाची वाटते.

घुमटासाठी मोसंबीच्या फोडींसारख्या सोळा पाकळ्या कापल्या. ८ सेंटिमीटर व्यासाला प्रत्येक पाकळी तळाशी १५.७ मिलिमीटर रुंद व शेंड्यापर्यंत ६.३ सेंटिमीटर लांब येते. कडा एकावर एक चढवल्याने घेर आक्रसत होता. म्हणून त्या केवळ भिडवून आतून पातळ कागदाची पट्टी चिकटवली, तेव्हा घुमट नेमका बसला. चौकोनी खोलीवर गोल घुमट टेकवणाऱ्या चार कोपऱ्यांतील कमानी मात्र अद्याप ओबडधोबड आहेत आणि त्या मी पुन्हा कापणार आहे.

आता मशिदीला लागून असलेली शेम्सी अहमद पाशाची कबर राहिली आहे. १५८० मध्ये वारलेल्या या वजिराची कबर आणि नमाजाचे दालन यांच्यामध्ये भिंतीऐवजी जाळी आहे, त्यामुळे प्रार्थनेचे स्वर थेट कबरीपर्यंत पोहोचतात. ही जाळी कागदात कोरण्याऐवजी बारीक तांब्याच्या तारेची विणावी असे ठरवले असून, पहिला तुकडा कालच विणून पाहिला.