पाच एक्के आणि चाळीस

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींना त्या आठवड्यात मी जीवनमान मोजायला शिकवत होते. बीपी, साखर, हिमोग्लोबिन आपण मोजतो, पण माणसाला जिना चढता येतो का, दुखणं सोसवतं का, मनाला घोर लागलाय का हे कुठलंच यंत्र सांगत नाही. ते त्यालाच विचारावं लागतं. त्यासाठी प्रश्नावल्या असतात. मी निवडली होती ईक्यू-5डी, कारण ती पाच मिनिटांत भरून होते. 1987 मध्ये सुरू झालेल्या युरोक्वॉल गटाने ती तयार केली. चालणं-फिरणं, स्वतःची काळजी, रोजची कामं, वेदना आणि चिंता-नैराश्य असे पाच प्रश्न. प्रत्येकाला पाच पायऱ्या : 1 म्हणजे काही त्रास नाही, 5 म्हणजे अतोनात त्रास किंवा जमतच नाही. उत्तरं ओळीने मांडली की पाच आकडी संख्या मिळते. 11111 ते 55555, एकूण 3125 अवस्था. शेवटी 0 ते 100 ची उभी पट्टी, त्यावर आज तब्येत जशी वाटते तिथे खूण करायची.

मुलींनी आधी वॉर्डात रुग्णांकडून फॉर्म भरून आणले होते. आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या मशीनला लागणाऱ्या एका काकांनी पट्टीवर 75 दिले होते. "मॅडम, त्यांना प्रश्न कळला नसेल," एक जण म्हणाली. मग मी रंगात येऊन समजावलं की लांबच्या आजाराशी माणूस जुळवून घेतो, त्याची आतली मोजपट्टीच सरकते, आणि म्हणून त्याचा आकडा आपण दुरुस्त करायचा नसतो.

एवढं शिकवून झाल्यावर म्हटलं, आता स्वतःचा फॉर्म भरा. वर रोल नंबर टाका, गोळा करायला बरं पडतं.

दुपारच्या सुट्टीत गठ्ठा चाळायला घेतला. 11111, पट्टीवर 90. 11111, 95. 11111, 90. सकाळी याच वर्गातल्या निम्म्या मुली नाइट ड्यूटी करून थेट लेक्चरला आल्या होत्या, दोघी तर भिंतीला डोकं टेकून पेंगत होत्या. पण मला तेव्हा ते जाणवलं नाही. फॉर्म पूर्ण भरलेत म्हणून मी खूश होते. मग एक कागद आला : 11111 आणि पट्टीवर 40. मी लाल पेनने 40 भोवती गोल केला आणि लिहिलं, 'विसंगत. पुन्हा तपासा.' काकांच्या 75 ला हात लावू नका म्हणणारी मीच ती.

फॉर्म परत दिल्यावर ती केबिनमध्ये आली. जिचे केअर प्लॅन, म्हणजे रुग्णाच्या काळजीचे आराखडे, मी इतरांना नमुना म्हणून दाखवते अशी मुलगी. (हे सगळं तिला विचारूनच लिहितेय.)

"मॅडम, यात चाळीस चुकलेत की एक चुकलेत?"

"ते तूच सांगायचंस ना."

ती कागदाकडे बघत राहिली. "थकव्याचा रकाना कुठला होता?"

नव्हताच तो. एसएफ-36 नावाच्या दुसऱ्या प्रश्नावलीत उत्साह-थकव्याचे चार प्रश्न आहेत, तेही मागच्या चार आठवड्यांबद्दल. ईक्यू-5डी फक्त आजचं विचारते. मी हे तिला सांगायलाही लागले होते, शिक्षकाची खोड! तिचे डोळे भरलेले दिसले तेव्हा वाक्य अर्ध्यावर सोडलं.

महिन्यापूर्वीची गोष्ट निघाली. रुग्णाला 20 युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. बाटली मिलिलिटरला 100 युनिटची, हिच्या हातात आलेली सिरिंज 40 च्या बाटलीसाठीची. तिने 20 च्या रेघेपर्यंत औषध भरलं. त्या सिरिंजवर 20 ची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर, आणि या बाटलीतून अर्धा मिलिलिटर म्हणजे 50 युनिट. अडीचपट. इन्सुलिन दोघींनी तपासूनच द्यायचं असतं, म्हणून इनचार्ज सिस्टरांच्या लक्षात आलं आणि रुग्णाला काही झालं नाही. सिस्टर तिला सगळ्यांसमोर बोलल्या आणि विषय तिथेच संपला. कुठे नोंद नाही, त्या दोन सिरिंज शेजारी शेजारी का ठेवल्या होत्या याची चौकशी नाही.

तेव्हापासून ती प्रत्येक औषध चार-पाचदा तपासते, त्यामुळे कामं मागे पडतात, त्यावरून पुन्हा बोलणी. रात्री दचकून जाग येते. पुस्तकाचं एकच पान पुन्हा पुन्हा वाचते, डोक्यात काही शिरत नाही.

"मग चिंतेच्या प्रश्नाला एक का?"

"वर रोल नंबर होता ना मॅडम. इंटर्नलचे मार्क तुमच्याकडे आहेत. पट्टीवर कुणाचं लक्ष जाणार नाही असं वाटलं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच एक्के माझ्यासाठी होते, चाळीस तिचे होते. आम्ही दोघींनी बसून त्या इन्सुलिनच्या प्रसंगाचा रिपोर्ट लिहिला, महिनाभर उशिरा का होईना, आणि समुपदेशकांकडे मी तिच्यासोबत गेले.

दुसऱ्या दिवशी कोरे फॉर्म पुन्हा वाटले. रोल नंबर नाही, वर्गाच्या दाराशी पेटी, आणि मी बाहेर. पेटी उघडली तर पाचव्या प्रश्नाला 2, 3, 4 सर्रास होते, वेदनेलाही 2-3. बारा-बारा तास उभं राहिल्यावर कंबर दुखणारच, ते आदल्या दिवशी कुणीच लिहिलं नव्हतं. नव्वदीचे आकडे मोजकेच उरले होते.

एक फॉर्म मात्र खाली ठेववेना. पाचव्या प्रश्नाला 5, पट्टीवर 15. अक्षर नाही, नुसत्या खुणा, ओळखणार कशी? नाव काढून टाकलं म्हणून तिने खरं लिहिलं, आणि नाव काढून टाकलं म्हणूनच ती कोण हे मला कळत नव्हतं.

वर्गात जाऊन सगळ्यांनाच समुपदेशकांच्या वेळा सांगितल्या. माझा नंबर फळ्यावर लिहिला, रात्रीसुद्धा फोन करा म्हटलं. मग केबिनचं दार उघडं टाकून बसले. संध्याकाळपर्यंत तिघी आल्या. त्यातली 15 वाली कुठली, किंवा त्यांत ती होती का, हे मी एकीलाही विचारलं नाही.