बागेतली रेल्वे आणि १९ सांधे

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या उपनगरातले हे घर आम्ही घेतले, तेव्हा मागच्या बागेत आधीच्या मालकाने घातलेला पितळी रुळांचा ३८ मीटरचा फेरा घरासोबतच मिळाला. बागेत चालणाऱ्या खेळण्यातल्या रेल्वेचे हे माहेरच म्हणायला हवे, कारण इथल्याच लेमान कंपनीने १९६८ साली ४५ मिलिमीटर गेजची (म्हणजे दोन रुळांमध्ये तेवढे अंतर असलेली) 'एलजीबी' बाजारात आणली. खऱ्या मीटर गेजचे हे १:२२.५ या प्रमाणातले रूप आहे. माझे बालपण नेरळला गेले. त्यामुळे १९०७ पासून माथेरानला जाणारी दोन फुटी गेजची गाडी हीच माझ्या मनातली खरी गाडी, आणि बागेतला तो शेवाळलेला फेरा उखडून टाकणे मला शक्यच नव्हते.

रुळांतून मिळणाऱ्या विजेवर गाडी चालत होती, परंतु घराजवळ जोरात धावणारे इंजिन बागेच्या टोकाला, हेझलनटच्या झुडपाखाली पोहोचेपर्यंत रेंगाळू लागे आणि मागे चार डबे असले तर उभेच राही. जुना ट्रान्सफॉर्मर जेमतेम एक अँपिअरचा होता. शक्ती कमी पडते आहे असा निष्कर्ष काढून मी २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा नवा वीजपुरवठा विकत आणला. परिणाम एवढाच झाला की घराजवळच्या वळणावर इंजिन पूर्वीपेक्षा वेगाने जाऊन कलंडले आणि झुडपाखाली ते पूर्वीसारखेच रेंगाळत राहिले. मी स्वतः विद्युत अभियंता आहे, हे इथे सांगताना थोडे ओशाळायला होते. मोजमाप आधी आणि खरेदी नंतर, हा क्रम मी दुसऱ्यांना नेहमी सांगत आलो आहे.

मग मात्र मीटर बाहेर काढला. रिकाम्या रुळांवर व्होल्टेज मोजून काही कळत नाही, कारण प्रवाहच वाहत नसेल तर रुळांच्या तुकड्यांमधला खराब सांधाही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. म्हणून ट्रकच्या मागच्या दिव्यात असतात तसे २४ व्होल्ट, २१ वॅटचे तीन बल्ब समांतर जोडून मी ते फेऱ्याच्या सर्वांत दूरच्या बिंदूवर दोन रुळांमध्ये लावले. घराजवळ १७.६ व्होल्ट होते आणि झुडपाखाली १२.४. मधले पाच व्होल्ट कुठे गेले, हे शोधण्यासाठी बल्ब तसेच पेटते ठेवून मीटर मिलिव्होल्टवर लावला आणि गुडघ्याखाली जुनी उशी घेऊन एकेका सांध्याच्या दोन्ही बाजूंना टोके टेकवत पुढे सरकत गेलो. रुळांचे तुकडे सुमारे १.२ मीटरचे, त्यामुळे दोन्ही बाजूंचे मिळून सांधे ६४. बहुतेक सांध्यांवर २० ते ५० मिलिव्होल्ट पडत होते. १९ सांध्यांवर मात्र ३०० च्या वर, आणि झुडपालगतच्या एकावर तर जवळजवळ एक व्होल्ट. खुद्द रुळावरची घट जवळपास शून्य होती, कारण एवढी जाड पितळी पट्टी ही कुठल्याही घरगुती वायरपेक्षा मोठी तार आहे. दोष होता तो दोन रूळ जोडणाऱ्या पातळ पत्र्याच्या चिमट्यांत: वर्षानुवर्षे पाणी आत झिरपून तिथे ऑक्साइडचा थर बसला होता आणि चिमटे सैल पडले होते. नेरळला गँगमन हातोडा घेऊन लाइनवरून चालत जाताना मी लहानपणी पाहिलेले आहेत, आणि तरीही सांध्याकडे माझे लक्ष सर्वांत शेवटी गेले.

चिमटे काढून त्यांच्या जागी स्क्रूने आवळायचे पितळी क्लॅम्प बसवायचे ठरवले. प्रत्येक रुळाचे टोक बारीक पॉलिशपेपरने चकचकीत होईपर्यंत घासायचे, त्यावर विद्युतवाहक ग्रेफाइटयुक्त ग्रीस चोळायचे आणि मगच क्लॅम्प आवळायचा. सोळा-सतरा संध्याकाळी या कामात गेल्या. रविवारी तर काही करताच आले नाही, कारण इथे रविवारी ड्रिल किंवा ग्राइंडर चालवणे म्हणजे शेजाऱ्यांशी वैर घेणे आणि नियमही मोडणे.

क्लॅम्पने सांधे घट्ट झाले की दुसरा प्रश्न उभा राहतो. पितळ एका अंशाला मीटरमागे सुमारे ०.०१९ मिलिमीटर वाढते. थंडीत उणे १० आणि उन्हात तापलेल्या रुळाचे ५० अंश धरले, तर दहा मीटरच्या सरळ तुकड्यात ११ मिलिमीटरहून अधिक फरक पडतो. रुळांना जागा मिळाली नाही तर ते वेडेवाकडे होतात. म्हणून सरळ भागात तीन ठिकाणी क्लॅम्प न लावता फट ठेवली, तिथे रूळ सरकता राहील असा सैल जोड दिला आणि वीज जाण्यासाठी लवचीक तांब्याच्या तारेचा बाँड, म्हणजे जोडतार, सोल्डरचा डाग देऊन जोडला. खऱ्या रेल्वेतही सिग्नलच्या ट्रॅक सर्किटसाठी (रुळांवर गाडी आहे का हे विजेने ओळखण्यासाठी) सांध्यांवर असेच बाँड असतात. आधीच्या मालकाने काही स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, काँक्रीटला स्क्रूने पक्के केले होते, ते मी सोडवले. वळणावरचा ट्रॅक खडीत थोडा इकडेतिकडे सरकू शकला, तर तो आपली वाढ आपणच सामावून घेतो.

खडीचे काम मला वाटले होते त्याहून महत्त्वाचे निघाले. हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि वसंतात पुन्हा बसते, तेव्हा ट्रॅकला पीळ पडतो. पीळ पडलेल्या ट्रॅकवर इंजिनचे एखादे चाक अधांतरी राहते, आणि अधांतरी चाक वीज घेत नाही. त्यामुळे दोन रुळांवर आडवी लेव्हल ठेवून २ ते ५ मिलिमीटरची ग्रॅनाइटची चुरी स्लीपरखाली ठासणे हेदेखील एका अर्थी विजेचेच काम ठरले. गोल गोटे वापरू नयेत. ते घसरतात, कोनदार चुरी एकमेकांत अडकून बसते. एका चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या, इथे मौलवुर्फ म्हणतात त्या प्राण्याने सरळ भागाखालीच मातीचा ढीग काढला, आणि तो कायद्याने संरक्षित असल्याने त्याच्या सवडीप्रमाणे मला थांबावे लागले.

यानंतरच वीजपुरवठा सुधारण्याला अर्थ होता. चार चौरस मिलिमीटरची केबल पाइपात घालून फेऱ्याभोवती पुरली आणि चार ठिकाणी रुळांना जोडली. जमिनीतले जोड जेल भरलेल्या डब्यांत घेतले. मुख्य विजेचे काहीही बागेत न्यायचे नाही, हा नियम मी कटाक्षाने पाळला: सर्व उपकरणे शेडमध्ये, विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या ३० मिलिअँपिअरच्या स्विचमागे. तिसऱ्या जोडाला संध्याकाळच्या अंधारात लाल आणि काळी तार उलट लागली आणि सुरू करताच पुरवठा बंद पडला. ती चूक सापडायला एक तास गेला.

शेवटी रुळांतूनच इंजिनाला आदेश पाठवणारा डिजिटल नियंत्रक आणला. घाईने घेतलेला तो ५ अँपिअरचा पुरवठा त्याला उपयोगी पडला, आणि जुना ट्रान्सफॉर्मर मी तारांसकट कपाटात ठेवला, कारण चुकून दोन्ही एकाच ट्रॅकला जोडले गेले तर नियंत्रक जळू शकतो. ५ अँपिअर म्हणजे रुळांवर शंभर वॅट; डबा घसरून शॉर्ट झाला आणि सांधा कच्चा असला, तर पुरवठा बंद न होता तिथले प्लास्टिकचे स्लीपर वितळू शकतात. म्हणून दर दोन मीटरवर दोन्ही रुळांवर आडवा स्क्रूड्रायव्हर टेकवून नियंत्रक तत्काळ बंद होतो की नाही हे पाहिले. झुडपाखाली पहिल्यांदा तो झाला नाही. एक क्लॅम्प अर्धवटच आवळलेला निघाला.

आता सकाळी गाडी सोडण्यापूर्वी काठीला लावलेल्या बारीक घासणीने रूळ पुसतो. खरखरीत सँडपेपर वापरत नाही, त्याच्या ओरखड्यांत मळ साचतो. पावसानंतर गोगलगायी मात्र हातानेच उचलाव्या लागतात, कारण चाकाखाली चिरडलेली एक गोगलगाय चार डब्यांच्या गाडीला चढावर उभे करते. यंदा मार्चमध्ये बल्ब लावून सर्व ६४ ठिकाणे पुन्हा मोजली. सर्वांत जास्त आकडा २८ मिलिव्होल्टचा आला, आणि तोही एका बाँडच्या डागावर, जो पुढच्या कोरड्या शनिवारी पुन्हा द्यायचा आहे.