कोविड वॉर्डातली फिजिओथेरपी : इंटर्नशिपमध्ये काय उपयोगी पडलं

आमच्या वेळी फिजिओथेरपीच्या साडेचार वर्षांतले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे होते. आमचे ते महिने २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आले, धुळे जिल्ह्यातल्या एका कोविड वॉर्डात. छाती थोपटून कफ मोकळा करायचं तंत्र कॉलेजात घोटून घेतलं होतं, आणि नेमकं तेच सगळ्यात कमी लागलं. कोविडचा खोकला बहुतेकांचा कोरडा. सुटायला कफच नाही तर थोपटून काय मिळणार? उलट पेशंट खोकून दमतो आणि वॉर्डभर तुषार उडतात. ज्यांना आधीपासून कफाचा जुना आजार होता, त्यांच्यापुरतंच ते ठेवलं.

खरं काम केलं पालथं झोपवण्याने. फुप्फुसाचा बराच भाग पाठीकडे असतो. उताणं झोपलं की हृदयाचा आणि पोटाचा भार त्यावर येतो, पालथं झालं की तो भाग हवेला मोकळा होतो. उश्या चार-पाच लागतात : एक मानेखाली, एक-दोन छातीपासून मांडीच्या वरच्या भागापर्यंत, दोन नडग्यांखाली. अर्धा तास ते दोन तास पालथं, मग उजवी कूस, मग टेकून बसणं, मग डावी कूस, आणि पुन्हा पालथं. जेवणानंतर तासभर नाही. गरोदर बाई, पायाच्या शिरेत ताजी गुठळी, हृदयाचा गंभीर आजार, मणका, कंबर किंवा मांडीच्या हाडाचं फ्रॅक्चर, यांना अजिबात नाही.

सरकारी वॉर्डात एका पेशंटला पाच उश्या कोण देणार? घरून आलेल्या गोधड्या घट्ट गुंडाळून आम्ही त्याच वापरल्या. उशी दबून चपटी होते, गोधडीची गुंडाळी तशी होत नाही. घरी मात्र लोक बाजेवर पालथे झोपायचे. बाज मध्ये झोळते, कंबर खाली जाते, मान वर ताणली जाते आणि दहा मिनिटांत माणूस उठून बसतो. जमिनीवर सतरंजी, वर गादी, हेच बरं. एक हात डोक्याकडे, दुसरा अंगालगत, तोंड वरच्या हाताकडे. हात आणि मान अधूनमधून बदलायची. करंगळीला मुंग्या आल्या तर कोपराजवळची नस दबतेय असं समजावं. पंधरा मिनिटांनी सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, उतरलेलं दिसलं, तर आधी ऑक्सिजनची नळी अंगाखाली दुमडली आहे का ते पाहायचं. बऱ्याचदा तेच असतं.

ऑक्सिमीटरचं रीडिंग लगेच लिहू नये. आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट तरी द्यावा, नाडीची पट्टी नीट उडते का बघावं. गार बोटं, गडद नेलपॉलिश, काळी मेंदी यांनी आकडा फसवा येऊ शकतो. त्या वर्षी आखाजी (अक्षय्य तृतीया) १४ मे ला होती, तेव्हा हात रंगलेल्या लेकीबाळींच्या बाबतीत हे लक्षात ठेवावं लागलं. शंका आली तर दुसरं बोट.

तीन गोळ्यांचं (प्लास्टिकच्या बॉलचं) स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं साधन, नळीतून हवा आत ओढायचं असतं. दिल्या दिल्या निम्मे लोक त्यात फुंकतात, गोळा हलत नाही आणि 'हे खराब आहे' म्हणून ते टेबलावर पडून राहतं. गोळ्यांवर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात. ते सेकंदाला किती मिलिलिटर हवा ओढली त्याचे. तिसरा गोळा झटक्यात उडवण्यापेक्षा पहिला दोन-तीन सेकंद तरंगत ठेवणं जास्त कामाचं. चक्कर आली की थांबायचं.

सॅच्युरेशन दणकन पडायची जागा म्हणजे संडासची वाट. ऑक्सिजनचा मास्क काढून माणूस भिंत धरत जातो आणि परत येईपर्यंत ओठ निळे. लाजेपोटी कोणी सांगत नाही, म्हणून आपणच विचारायचं. लांब नळी, नाहीतर ढकलगाडीवर लहान सिलिंडर. बी टाइपच्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतात : मिनिटाला १० लिटरने अडीच तास, २ लिटरने बारा तास. हे भरलेल्या सिलिंडरचं गणित, म्हणून निघण्याआधी गेजचा काटा बघायचाच.

चालवताना दम किती लागतो, हे शून्य ते दहाच्या पट्टीवर विचारायला शिकवलं होतं. म्हाताऱ्यांना ती पट्टी कळेना. 'बाबा, दम लागस का? रुपयात किती आणे?' असं विचारलं की उत्तर लगेच यायचं. चार आण्यांपर्यंत चालू, आठ आण्यांना बसायचं. सॅच्युरेशन ४ ने उतरलं किंवा ८८ च्या खाली गेलं तर मात्र आणे विचारत बसू नये.

पीपीई किटवर एकच सांगतो. मेच्या उन्हात त्यात अंगाला पाण्याची धार लागते, म्हणून घालायच्या आधी पाणी पिऊन घ्यावं. आणि काढताना घाई करू नये, संसर्गाचा धोका तिथे जास्त असतो.

घरी गेल्यावर स्टेरॉइड आणि अंथरुणामुळे मांड्या गेलेल्या असतात. एका मिनिटात किती वेळा उठ-बस होते ते मोजावं. आधी आणि नंतर सॅच्युरेशन बघावं. बाजेवरून नाही, ती खोल असते. हात नसलेली पक्की खुर्ची, खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून, आपले हात छातीवर. पहिल्या दिवशी पाच-सहा झाल्या तरी पुरे. दुसऱ्या दिवशी अंग जास्त गळालं, तर आदल्या दिवशीचं प्रमाण निम्मं करायचं.