वरच्या मजल्यावरचा गडगडाट

व्हिएन्नातल्या या घरात राहायला आलो, त्या पहिल्याच हिवाळ्यात मी हीटिंगवाल्याला दोनदा बोलावलं. दिवाणखान्याच्या छतातून खोल घुमल्यासारखा आवाज यायचा. चार-पाच सेकंद घुमायचं, मग शांतता, मग परत तेच. पाइपात हवा अडकली असणार, असं माझं निदान. पहिल्या खेपेला त्यानं रेडिएटरची हवा सोडली, पाइप ठोकून बघितले आणि सगळं ठीक आहे म्हणाला. दुसऱ्या खेपेला तो घरात असतानाच आवाज झाला. त्यानं मान वर केली, क्षणभर ऐकलं आणि हसला. "हा पाइप नाही हो, हा शूबर्ट आहे!" शूबर्ट म्हणजे इथलाच जुना संगीतकार.

वर 'फ्राऊ प्रोफेसर', म्हणजे प्रोफेसरबाई, राहतात. आख्खी बिल्डिंग त्यांना हेच म्हणते. इथे नावापेक्षा पदवीच जास्त चालते. वय 71. उभी हयात पियानोच्या मैफली आणि शिकवण्यात गेली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण निवडक विद्यार्थी अजून येतात. सहा वर्षांच्या शेजारानंतरही आमचं एकमेकींशी जर्मनमधलं अहो-जाहोच चालू आहे. अरे-तुरे फक्त आठ वर्षांच्या विद्यार्थ्याला. एकोणीस वर्षांच्या मुलालाही त्या 'तुम्ही' म्हणतात आणि त्याच सभ्य भाषेत सोलून काढतात.

घरी कोणी नसेल तर इथला कुरिअरवाला पार्सल शेजाऱ्याकडे देऊन जातो. त्यांचं एक जडशीळ पार्सल असंच माझ्याकडे आलं, म्हणून मी पहिल्यांदा वर गेले. खोलीत शेजारी-शेजारी दोन ग्रँड पियानो. एक विद्यार्थ्याचा, दुसरा त्यांचा. विद्यार्थी कन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायची रचना, बसवत असला की ऑर्केस्ट्राचा भाग त्या दुसऱ्यावर वाजवतात. मी चाचरत पाइपाची गोष्ट सांगितली. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी मला पियानोजवळ बसवलं.

तो गडगडाट शूबर्टच्या शेवटच्या, बी-फ्लॅट मेजर सोनाटातला. सोनाटा म्हणजे काही भागांची मोठी वाद्यरचना. सप्टेंबर 1828 मध्ये ती पूर्ण झाली आणि नोव्हेंबरमध्ये तो याच शहरात वारला. वय अवघं 31. सुरुवातीला एक शांत धून चालते आणि तिची पहिली ओळ संपता संपता डावा हात पार खाली जाऊन शेजारच्या दोन काळ्या पट्ट्या भरभर आळीपाळीनं वाजवतो. याला ट्रिल म्हणतात. वाजवायची अगदी हळू आवाजात, आणि खरी मेख तिथेच आहे. खालच्या सुरांच्या तारा जाड, तांबं गुंडाळलेल्या, त्यांचे हातोडेही वजनदार. पट्टी फार हळुवार दाबली तर हातोडा तारेपर्यंत पोचतच नाही आणि मधलाच एखादा सूर गायब होतो. जरा जोर लागला की ढग फुटतो. आधी मोठ्यानं, सावकाश, प्रत्येक ठोका सारखा पडेपर्यंत घोटायचं आणि मग आवाज उतरवत न्यायचा. मी वर्षभर ऐकत होते तो हा घोटण्याचा भाग.

ही सोनाटा त्यांनी मंचावर पहिल्यांदा वाजवली चोविसाव्या वर्षी. मग आता काय शिल्लक राहिलं, असं मी विचारलं. त्यांनी सोनाटाच्या स्वरलिपीची वही पुढे केली. ट्रिलच्या खाली पेन्सिलीनं 3-2 लिहिलेलं, म्हणजे मधलं बोट आणि तर्जनी. ते अक्षर त्यांच्या गुरूंचं. त्यावर हलकी रेघ मारून शेजारी नवं 3-1. तर्जनी हल्ली ऐकत नाही, म्हणून तिचं काम अंगठ्याला दिलं आहे. पण गुरूंचा आकडा खोडरबरानं पुसलेला नाही.

आपला सतारिया स्वतःची सतार बरोबर नेतो. पियानोवाल्याला ती चैन नाही. मोठा कॉन्सर्ट ग्रँड जवळपास अर्ध्या टनाचा असतो. त्यामुळे हॉलमध्ये जो असेल तो आपला. दुपारी ओळख करून घ्यायची, संध्याकाळी संसार. तिशीत त्यांचे वर्षाला चाळीसेक कार्यक्रम व्हायचे. त्याबद्दल त्या सांगतात ते बहुतेक आगगाड्यांबद्दल आणि गार पडलेल्या ग्रीनरूमबद्दल.

मग मी तो बावळट प्रश्न विचारलाच. मैफली कमी झाल्या म्हणून शिकवायला लागलात का?

त्यांनी भिंतीवरच्या तसबिरींकडे बोट केलं. पहिला कार्ल चेर्नी, बेटहोवनचा म्हणजे बीथोव्हनचा शिष्य. बेटहोवनचा पाचवा पियानो कन्चेर्टो 1812 मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा वाजवला तो यानंच. पण पुढे मैफली सोडून हा माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत शिकवत राहिला. पुढे नामांकित पियानिस्ट झालेल्या लहानग्या लिस्टला त्यानं फी न घेता शिकवलं. लिस्टनंही पस्तिसाव्या वर्षी, कीर्तीच्या शिखरावर, पैसे घेऊन वाजवणं थांबवलं आणि म्हातारपणापर्यंत विद्यार्थ्यांकडून फी घेतली नाही. शेजारची तसबीर चेर्नीचा दुसरा शिष्य लेशेटित्स्कीची. पुढे पोलंडचा पंतप्रधान झालेला पादेरेव्स्की त्याच्याकडे व्हिएन्नात शिकायला आला तेव्हा चोविशीचा होता, म्हणजे त्या धंद्यात म्हातारा. याच लेशेटित्स्कीनं श्नाबेल नावाच्या पोराला सुनावलं होतं की तू पियानिस्ट कधीच होणार नाहीस, कारण तू संगीतकार आहेस. आणि सगळे लिस्टच्या दिखाऊ रचना बसवत असताना त्याला शूबर्टच्या सोनाटा हातात घ्यायला सांगितलं. तेव्हा त्या फारसं कोणी वाजवत नसे. श्नाबेलनं त्या जगभर वाजवल्या. ही बी-फ्लॅटसुद्धा 1939 मध्ये रेकॉर्ड केली.

आपल्याकडे गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते फारच आवडलं. दोन-तीनदा करूनही बघितलं. दरवेळी कान चुकीचा धरला जायचा, म्हणजे पाळीऐवजी वरचं टोक.

एकदा शिकवणी बघायला बसू दिलं. तो एकोणीस वर्षांचा मुलगा होता. तासाभरात दोन ओळी झाल्या. मुलगा वाजवायचा, या थांबवायच्या: "आता गाऊन दाखवा." पियानोच्या वर्गात गाणं! तो बिचारा लाजत, खरखरीत आवाजात गायला. जिथं त्याचा श्वास तुटला तिथं त्यांनी वहीत स्वल्पविराम काढला. बोटांनीही तिथंच श्वास घ्यायचा म्हणे. मला वाटायचं, पियानो म्हणजे सगळा हातांचा मामला.

मार्चमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. छोटा हॉल, ऐंशीएक खुर्च्या. ट्रिल कुठे येणार हे मला पाठ होतं, त्यामुळे मी कान टवकारून बसले. धून चालली, ओळ संपत आली, डावा हात खाली गेला... आणि मला जवळजवळ काहीच ऐकू आलं नाही. पुढच्या रांगेतला एक म्हातारा तेवढा किंचित पुढे झुकला. जो आवाज वर्षभर माझ्या छतातून घुमत होता, तो दहा फुटांवर असून नसल्यासारखा होता.

सोमवारी तीन वाजता आठ वर्षांचा विद्यार्थी आला. चेर्नीचा एट्यूड, म्हणजे सरावाची रचना, नेहमीच्या जागी अडखळला. पियानोच्या लाकडावर पेन्सिलीची टकटक झाली, आणि परत पहिल्यापासून.